टायटनवरचा नायट्रोजन जळत नाही

सिंदेवाही तालुक्यात 2 एप्रिल 2022 ला आभाळातून धातूचं मोठं कडं पडलं, तेव्हापासून आमच्या भागात आकाशाबद्दलचा कुठलाही मेसेज लोक पटकन खरा धरतात. सध्या फिरतोय तो असा: “शनीच्या टायटन चंद्रावर शनीच्या चुंबकानं नायट्रोजन पेटतो, म्हणून तिथं रात्रभर जांभळा उजेड असतो. शास्त्रज्ञांकडे नुसतं मॉडेल आहे, म्हणजे अंदाज.” माझ्या भाच्यानं हे वहीत उतरवून घेतलं, म्हणून लिहितोय.

आपल्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच आहे. वावरात पऱ्हाट्या पेटवतो तेव्हा प्राणवायू खर्च होतो, नायट्रोजन पेट घेत नाही. तो जळणारा असता तर एका बांधावरच्या आगीनं सगळं आभाळ पेटलं असतं.

जांभळा उजेडही नाही. टायटनच्या हवेतला नायट्रोजन झळाळतो खरा, पण ही झळाळी मुख्यतः अतिनील आहे, डोळ्यांना न दिसणारी. तिच्या चित्रांतला रंग नंतर भरलेला असतो.

चुंबकाची गोष्ट मात्र पूर्ण हवेतली नाही. 1980 मध्ये व्हॉयेजर 1 हे यान टायटनजवळून गेलं, तेव्हा सूर्य एवढा दूर असताना ही झळाळी कशी, असा प्रश्न पडला आणि शनीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनांवर संशय गेला. पुढे शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानानं ही झळाळी बारकाईनं मोजली. सूर्याचे तीव्र अतिनील किरण नायट्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवतात, तो दुसऱ्या रेणूवर आदळतो, आणि तो रेणू ती ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतो. हे घडतं जमिनीपासून सुमारे हजार किलोमीटर उंचीवर. मायकेल स्टीव्हन्स या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी मॉडेल वापरून 2011 मध्ये दाखवलं की दिवसाच्या झळाळीला सूर्य एकटा पुरतो. शनीचे कण तिथं आदळतात हे खरं, पण या हिशोबाला त्यांची गरज पडली नाही.

आता मॉडेलबद्दल, कारण मला खरा राग त्याच वाक्याचा आहे. नजर आणेवारी (पीक नुसतं डोळ्यांनी बघून केलेला अंदाज) आणि पीक कापणी प्रयोग (पीक कापून, वजन करून काढलेला आकडा) यांतला फरक इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळतो. मॉडेल म्हणजे नजर आणेवारी नव्हे. या मॉडेलमध्ये सूर्याचा प्रकाश, उंचीनुसार हवेची घनता आणि इलेक्ट्रॉन आदळल्यावर रेणू किती प्रकाश देतो याची प्रयोगशाळेतली मोजमापं घालतात. त्यातून निघालेली चमक कॅसिनीनं मोजलेल्या चमकेशी ताडून पाहतात. जुळली नाही तर चूक शोधावी लागते. शिवाय 140 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश टायटनच्या हवेतला मिथेन वायू गिळतो, त्यामुळे तो किती कमी पोचला यावरून वर मिथेन किती आहे हेही काढता येतं.