वैरण किती खाती?

परवा शनिवारी राजारामपुरीतल्या एका दुकानात एका पोरानं माझा कॉम्प्युटर न बघताच मयत ठरवला.

पोरगं एकोणीस-वीसचं. एका कानात पांढरं बोंड, अंगठा मोबाइलवर. मी आपलं व्यवस्थित सांगितलं, "चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आहे, आठ जीबी रॅम आहे, ग्राफिक्स कार्ड टाकायचंय. सात हजारापर्यंत." त्यानं मान वर न करता विचारलं, "कधीचं मशीन?" म्हटलं, "२०१४." तर म्हणतो, "काका, त्याला आता कार्ड नाही घालायचं. हार घालायचा."

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघंही हसली. त्यातल्या एकाच्या कर्जाच्या फाइलवर सोमवारी माझी सही लागणार होती. ती मी केली. पण दुपारनंतर केली.

मशीन आमच्या पतसंस्थेनं लिलावात काढलेलं, मी साडेतीन हजाराला उचललेलं. चपटं मॉडेल, टेबलावर आडवं ठेवून वर मॉनिटर बसवायचा. एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, २५५ वॅटचा. किती पासबुकं भरली असतील त्यानं, पण एकदा तक्रार नाही. आणि कार्ड कशाला पाहिजे, तर दुकानात मी सांगितलं, पोरीच्या कॉलेजला. खरं कारण असं की मला रात्री जेवण झाल्यावर गाड्या पळवायचा गेम खेळायचाय. वय ४८. ह्यात लाजण्यासारखं काय आहे? तरी लाजलो.

पोरानं विचारलं, "मुलगी कुठलं सॉफ्टवेअर वापरते?" मी तोऱ्यात फोन लावला, आणि तो लागला स्पीकरवर. "बाबा, मला कशाला कार्ड? मी लॅपटॉपवर करतो की सगळं. तुमच्या गाडीच्या गेमला पायजे म्हणालता न्हवं?" (आमच्याकडं पोरीही 'करतो', 'जातो' म्हणतात. पुण्याची पाहुणेमंडळी दचकतात, आम्ही नाही.) मी फोन बंद केला. तिघं परत हसले.

पोराचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि विंडोज ११ ला हा प्रोसेसर चालत नाही, म्हणजे अधिकृतपणे तरी नाही. पण मी काय बँक चालवणार आहे का त्याच्यावर? हल्ली कुठल्याही दुकानात जा, एक वस्तू मागितली की अख्खा संसार बदलायला सांगतात. मिक्सरचं भांडं मागा, मिक्सरच घ्या म्हणतात. चपलेला अंगठा मागितला तर नवा जोड दाखवतात, आणि हे चक्क कोल्हापुरात!

आणि ह्या कार्डांची नावं! आठवडाभर रात्री जागून मी अभ्यास केला होता. जीटी १०३० म्हणून एक कार्ड आहे, २०१७ चं. २०१८ मध्ये त्याच नावानं दुसरं आलं, फक्त आत जीडीडीआर५ च्या जागी डीडीआर४ मेमरी. पहिल्यात सेकंदाला ४८ जीबी माल ये-जा करतो, दुसऱ्यात १६.८. नाव तेच, खोकं तसंच. गवळ्यानं असं केलं असतं तर पेठेत त्याला कुणी उभं केलं नसतं. मी हे सगळं पोराला ऐकवत होतो. ते ऐकत नव्हतं. ऐकत होते ते कोपऱ्यातल्या स्टुलावरचे मामा.

मामा साठीच्या पुढचे. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, पायात करकर वाजणारं पायताण. नातवाच्या प्रिंटरचं कार्टरेज भरून घ्यायला आले होते आणि ते मांडीवर अंड्यासारखं जपून धरलं होतं. अंगाला शेणाचा मंद वास. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी आणतात, हे नंतर कळलं.

"काय घ्यायलाय, सायेब?"

"ग्राफिक्स कार्ड."

"ते काय करतंय?"

"पडद्यावर चित्र काढतं. हलणारं."

"मग आत्ता काय पडदा काळा हाय?"

"नाही, दिसतंय. प्रोसेसरच्या पोटातच एक बारकं कार्ड असतं, एचडी ४६०० म्हणतात. पण गेम लावला की अडकत अडकत चालतं."

मामांनी थोडा विचार केला. "म्हंजे दूध हाय, पण धार लागत न्हाई."

मी आठवडाभर जे वाचलं होतं ते ह्या माणसानं सात शब्दांत संपवलं. मी स्टूल ओढून जवळ बसलो. तीच चूक झाली.

"वैरण किती खाती?"

"पंच्याहत्तर वॅट. मदरबोर्डच्या खाचेतनं तेवढीच मिळते. त्याच्यावर खाणारं घेतलं तर एसएमपीएसवरनं वेगळी वायर ओढावी लागते, आणि आमच्या एसएमपीएसला ती वायरच नाही."

"मग झालं की! ज्याच्याकडं दोन भारं वैरण हाय, त्यानं दोन भाऱ्याचीच म्हस बांधावी. आमच्या भावकीत एकानं हरियाणातनं मुऱ्हा आणली. दूध दिलं की बादलीनं, न्हाई म्हणत न्हाई. पर पेंड घालून घालून माणूस वाळला. म्हस गुबगुबीत आणि मालक काडी." इथं मामांनी त्या भावकीतल्या माणसाची जमीन, मेहुणा आणि कोर्टातली तारीख एवढं सगळं सांगितलं. मी ऐकून घेतलं. मेहुणा चुकीचाच होता.

एवढ्यात पोराला दया आली असावी. त्यानं काउंटरवर एक दोन पंख्यांचं दांडगं कार्ड ठेवलं. आरएक्स ५८०, आठ जीबी, वापरलेलं, साडेचार हजार. पंख्याभोवती रंगीत दिवे. मी म्हटलं, हे १८५ वॅट खातं, आणि दिवे कशाला? मामा म्हणाले, "पाडव्याला म्हस सजवत्यात तसं. शिंगाला रिबनी, मोरपीस, अंगावर नक्षी, आणि पुढं सायलेन्सर काढलेली गाडी. दिसायला झकास. पर पाडव्याला म्हस कुणी इकत घेत न्हाई." मग पोराकडं वळून, "पैल्या मालकानं काय करून घेतलं हिच्याकडनं?"

पोरगं गप्प. मग मीच सांगितलं, की मधे काही वर्षं लोक असली कार्डं रात्रंदिवस जुंपून इथेरियमचं आभासी नाणं काढायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं ती पद्धतच बंद केली आणि ढिगानं कार्डं पुसून-पासून बाजारात आली.

"म्हंजे घाण्याचा बैल," मामा म्हणाले, "शिंगं रंगवून."

दुसरं कार्ड नवं कोरं निघालं, आरएक्स ६४००. फक्त ५३ वॅट. मला पसंत होतं. मामांनी ते हातात मागितलं. पोरगं "मामा, हात नका लावू, स्टॅटिक लागतं" म्हणेपर्यंत त्यांनी चष्मा कपाळावर सारून, कार्ड उलटं धरून खालची सोनेरी पट्टी बघायला सुरुवात केली होती. जनावराचा ओठ उचलून बघतात, अगदी तसं. अंगठ्यानं एकेक मोजत.

"दात कमी हायत."

"ते दात नाहीत मामा, कनेक्टर आहे."

"आसंल. पर पुढचंच हायत. मागची हिरडी मोकळी हाय. बघा."

मी बघितलं. मोकळी होती. आणि मला घाम फुटला, कारण हे मी वाचलं होतं आणि विसरलो होतो. ह्या कार्डाला सोळाऐवजी चारच लेन आहेत, म्हणजे माल ये-जा करायच्या वाटा. नव्या बोर्डावर खाच असते पीसीआय एक्स्प्रेस ४ ची, तिथं ते भागून जातं. माझ्या बोर्डावर आहे ३, म्हणजे रस्ता निम्माच. जुन्या मशीनसाठी म्हणून घ्यावं आणि जुन्या मशीनवरच ते अडखळावं. पोराला हे माहीत होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. त्यानं बोंड दुसऱ्या कानात घातलं एवढं खरं.

तिसरं, १०५० टीआय. "कितव्या येताची?" मी म्हटलं, २०१६ ची, आणि तिला कंपनीनं ऑक्टोबर २०२५ नंतर गेमसाठीचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, द्यायचं बंद केलंय. "आटली," मामा म्हणाले आणि हातानंच बाजूला सारली.

शेवटी निघालं जीटीएक्स १६५०. २०१९ चं, चार जीबी, पंच्याहत्तर वॅट, वेगळी वायर नाही, आणि मला पाहिजे तसं बुटकं मॉडेल. वापरलेलं होतं, पण दुकानातल्या मशीनवर लावून दाखवलं, पंखा सरळ फिरला. मामांनी दात मोजले. भरले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, ज्याला मी हसलो, आणि त्याचा पश्चात्ताप अजून चालू आहे.

"गोठ्याचं दार केवढं हाय? पंढरपुरी म्हशीची शिंगं दारात आडकत्यात. घेताना कुणाच्या ध्येनात येत न्हाई."

"बुटकं आहे मामा, बसतंय."

"बघा बाबा."

मग किंमत. पोरगं म्हणालं, मालक सांगतील. मालक आतनं आले, मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी माझ्या दंडाला धरून मागं सारलं. "तुमी बोलू नगासा. तुमच्या तोंडावर दिसतंय तुमाला पायजे म्हणून." आणि खांद्यावरचा टॉवेल काढून मालकाच्या हातावर टाकला, खाली आपला हात सारला.

वडगावच्या जनावरांच्या बाजारात हे मी लहानपणी बघितलंय. हेडे लोक, म्हणजे जनावरांचे दलाल, रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात, बघणाऱ्याला आकडा कळत नाही. पण तिथं मोकळं माळरान असतं. इथं एसी होता, भिंतीवर 'कॅमेऱ्याची नजर आहे' अशी पाटी होती, आणि काउंटरवर दोन हात टॉवेलाखाली वळवळत होते. मालक कोल्हापूरचाच, त्यालाही चेव आला. मामा डोळे मिटून मान हलवायचे. मालक "आई शप्पथ परवडत नाही" म्हणायचा. एकदा मामांनी हात काढून घेतला आणि दारापर्यंत गेले, कार्टरेज घेऊन. परत आले. टॉवेल परत पडला. तीन गिऱ्हाइकांची आता सात झाली होती. एकजण व्हिडिओ काढत होता. ह्या सगळ्यात ज्याचे पैसे जाणार होते तो मी, मला एकट्यालाच आकडा विचारायची सोय नव्हती.

"झालं!" मामा म्हणाले. मालकानं बिल केलं. ६,८००. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मोजून दिले. माझा मॉनिटर जुन्या व्हीजीएचा, कार्डाला ते तोंडच नाही, म्हणून पोरानं साडेतीनशेचा कन्व्हर्टरही गळ्यात मारला.

घरी येऊन झाकण उघडलं. कार्ड खाचेत बसलं. झाकण बसेना. कार्ड बुटकं होतं हो, पण त्याच्या पुढची लोखंडी पट्टी, जी पेटीच्या मागं स्क्रूनं आवळतात, ती होती उंच पेटीची. नव्या खोक्यात बुटकी पट्टीही मिळते. ती पहिल्या मालकानं कुठं टाकली देव जाणे. शिंगं दारात अडकली.

सोमवारी दुकानात. पोरगं म्हणालं, "पट्टी वेगळी मिळत नाही काका." मग आजूबाजूला बघून, पहिल्यांदाच दोन्ही बोंडं काढून म्हणालं, "पण तुम्ही मामांना मधी का घातलं? मालक साडेसहाला सोडणार होते."

"मग तीनशे?"

"मामांचं कार्टरेज भरून दिलं की. फुकट."

म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच सौद्यात, टॉवेलाखाली हेडेगिरी झाली आणि मी वर "उपकार झाले मामा" म्हणून नमस्कार केला होता.

तिथनं उद्यमनगरात गेलो. उद्यमनगर म्हणजे तिथं विमानाचा पार्ट सांगा, करून देतील, असं आपण सगळ्या पाहुण्यांना सांगतो. एका शेडात पट्टी दाखवली, असली पण बुटकी पाहिजे. त्यानं व्हर्निअर लावून माप घेतलं, खूश झाला, म्हणाला, "किती हजार नग?" म्हटलं, एक. त्यानं पट्टी माझ्या हातात परत ठेवली. "एकासाठी कुठं सेटिंग करत बसू, सायेब?"

शेवटी दोन स्क्रू काढून पट्टीच काढून टाकली आणि कार्ड आतल्या पत्र्याला सुतळीनं बांधलं. मुलगी बघून म्हणाली, "दावं बांधलंय काय बाबा?" मी उत्तर दिलं नाही. गेम मात्र चालतो. धार लागते, खोटं कशाला बोलू.

काल संध्याकाळी मुद्दाम वाकडी वाट करून गंगावेशीत गेलो. तीनशेचं बोलायचंच होतं. मामा म्हशीखाली बसले होते. मला बघून कासेवरचा हात न काढता ओरडले, "काय सायेब, बसली काय गोठ्यात?" चार माणसं उभी होती. मी "बसली की" म्हटलं. त्यांनी पेला भरून माझ्या हातात दिला. निम्मा फेस होता. पैसे पूर्ण घेतले.