रोज एक सूप

घर आवरायला घेतलं त्याला आता आठ महिने होतील. अजून दोन पेट्या, न्हाणीवरचा माळा आणि आत्यांच्या (म्हणजे माझ्या सासूबाईंच्या) बाजेखालचं सगळं तसंच आहे. शाळेतल्या एक मॅडम परवा म्हणाल्या, "आम्ही तर दोन दिवसांत ट्रॉलीभर माल काढला बघा!" काढला असेल. आम्हीपण काढला होता एकदा.

2022 ची दिवाळी. पुण्याहून धाकटे भाऊजी आले होते. सुट्टी चारच दिवस, पण हौस दांडगी. "वहिनी, यंदा घर मोकळं करूनच जाणार मी." औसा तालुक्यातलं आमचं हे घर आजेसासऱ्यांच्या वेळचं. सासरे गेल्यापासून त्यांची पत्र्याची ट्रंक कुणी उघडली नव्हती. भाऊजींनी कुलूप तोडलं. आत सोसायटीच्या पावत्या, उसनवारीच्या वह्या, बियाण्यांची बिलं आणि सगळ्यात खाली लाल फडक्यात बांधलेलं एक दप्तर. कागद पिवळे पडलेले, कडा वाळवीनं खाल्लेल्या. काहींवर उर्दू, काहींवर मोडी. "कुणाला वाचता येतंय का? मग ठेवून काय करायचं?" भाऊजी म्हणाले. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं. गठ्ठे बांधायला सुतळी मीच आणून दिली. आत्या तेव्हा शेजारच्या गावी लेकीकडं गेल्या होत्या. रद्दीवाल्यानं काट्यावर घातलं, पैसे मोजले, त्यात पोरांच्या फटाक्यांच्या माळा आल्या.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2023 मध्ये, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडं, त्यामुळं जुनी कागदपत्रं बरीचशी उर्दूत नाहीतर मोडीत. गावात जो तो पेट्या उघडून बसला. मोडी वाचणाऱ्याला कधी नव्हे तो भाव आला. आरक्षणाच्या वादात मला इथं पडायचं नाही. सांगायचं एवढंच की, सगळे जण पेट्या धुंडाळत होते आणि आमच्या पेटीत धान्याच्या औषधाचा वास सोडून काही उरलं नव्हतं. दप्तरात कदाचित बैल विकल्याची पावती असेल, शेतसाऱ्याची असेल, कामाचं काहीच नसेल. आता कळायचं नाही. आत्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. घर एका दमात आवरायला घेऊ नये, आणि ज्याला वस्तूची ओळख नाही त्यानं तर मुळीच घेऊ नये. ज्याला ओळख असते ते माणूस म्हातारं असतं, दमानं बोलतं, एका वस्तूवरून दुसरीवर जायला त्याला अर्धा तास लागतो. चार दिवसांच्या सुट्टीत तेवढा वेळ कुणाकडं आहे? मग म्हाताऱ्या माणसाला लेकीकडं पाठवून आपण मोकळे!

रीलमध्ये सांगतात, वस्तू हातात घ्या आणि आनंद होतोय का बघा, नसेल होत तर काढून टाका. मी आत्यांना हे सांगितलं. त्या सोयाबीनचे रिकामे कट्टे घडी घालत होत्या. "कट्टा हातात धरून कुणाला आनंद होतोय गं? लागतंय म्हणून ठेवायलाव." त्यांचं खरं आहे. ऑक्टोबरात रास झाली की एकेका कट्ट्यासाठी शेजारी पळावं लागतं. तेच येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, पातेल्याचं. वर्षातून एकदाच, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, भज्जीसाठी निघतं. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कोपऱ्यात पालथं. पुण्यातल्या फ्लॅटच्या हिशेबानं ती निव्वळ अडगळ. पण शेतात कोपीपुढं चाळीस-पन्नास माणसं जेवायला बसल्यावर भाजी काय कुकरात करायची? आंबिलाच्या बिंदगीलाही, म्हणजे घागरीलाही, हाच न्याय.

पाण्याच्या भांड्यांचं तर मी स्वतः भोगलंय. 2014 मध्ये पोरांच्या शिक्षणासाठी लातूरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. जागा लहान, म्हणून निघताना दोन मोठे पितळी हंडे मोडीत दिले आणि वर पैसे घालून मिक्सर आणला. आत्या म्हणाल्या होत्या, "पाणी भरायचं भांडं मोडू नाही बाई." मी मनात म्हटलं, नळ आहे की आता. मग आला 2016 चा उन्हाळा. नळ कुठला अन् काय कुठलं! पाणवठ्यांवर आणि टँकरजवळ गर्दी करू नये म्हणून कलम 144 लावायची पाळी आली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर आला की बायका घागरी, बादल्या, रंगाचे डबे, पोरांच्या पाण्याच्या बाटल्या, जे असेल ते घेऊन पळायच्या. मी मिक्सरचं भांडंसुद्धा भरून ठेवलंय, हसू नका. त्या दोन हंड्यांची तेव्हा रोज आठवण यायची. ज्या मुलखात पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, तिथल्या बायका रिकामा डबा टाकत नाहीत, त्याला हावरटपणा म्हणू नये.

आता दुसरी बाजू. सगळंच जपायचं म्हटलं तर घरात माणसानं राहायचं कुठं? आमच्या मधल्या खोलीची खिडकी कित्येक वर्षं उघडत नव्हती, कारण तिच्यापुढं बोचक्यांची थप्पी. विंचू निघायला लागले तेव्हा मी ठरवलं की आवरायचं, पण आत्यांना सोबत घेऊन, आणि त्यांच्या चालीनं.

त्यांच्या चालीनं म्हणजे कसं, तर संध्याकाळचा चहा झाला की मी त्यांच्यापुढं सूप ठेवते. त्या दिवशी सुपात मावेल एवढंच काढायचं. डाळ निवडावी तसं त्या निवडतात, खडे एकीकडं, डाळ एकीकडं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. तिसऱ्या दिवशी त्याच विचारायला लागल्या, "आज काय आणायलीस?"

सुपातून काय काय निघालं! कुलपं नसलेल्या सतरा किल्ल्या. काड्या मोडलेले चार चष्मे, सगळे सासऱ्यांचे. मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं, जी मी काही न विचारता फेकली, कारण माझ्या मते औषधांना आठवणी नसतात. श्रीखंडाचे त्रेचाळीस डबे, त्यातले झाकणासकट फक्त नऊ. यावर आमचं जुंपलं. शेवटी मी म्हटलं, झाकण बसेल तो ठेवा, बाकीच्यांत रोपं लावू. आता अंगणात चौतीस डब्यांत मिरच्यांची अन् वांग्यांची रोपं आहेत. डबे काही घराबाहेर गेले नाहीत, पण खोलीबाहेर गेले. जुन्या लुगड्यांच्या तीन वाकळी शिवून घेतल्या.

एके दिवशी पितळेची एक करंड्याएवढी डबी निघाली. झाकण घट्ट बसलेलं, आत्यांनी दाराच्या फटीत दाबून उघडलं. आत दोन नाणी, काळवंडलेली. पदरानं घासल्यावर चारमिनार दिसला. "हाली हाय हे," आत्या म्हणाल्या, "सात हालीला सहा कलदार, माझी सासू सांगायची." हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. मग आजेसासूबाई बाजाराला पैसे कुठं बांधून न्यायच्या, हैद्राबादी दुकानदार हिशेबात कसा घोळ घालायचा, हे सगळं निघालं. त्या दिवशी सुपातलं दुसरं काहीच निवडून झालं नाही, आणि मी घाईही केली नाही. लग्न होऊन चोवीस वर्षं झाली, आजेसासूबाईंचं नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

माळ्यावर मात्र आत्या जड काही ठेवू देत नाहीत, रिकाम्या दुरड्या आणि सुपं सोडून. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंप झाला तेव्हा त्यांचं माहेर किल्लारीजवळच्या गावात होतं. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाची माती, दोन्ही झोपलेल्या माणसांवर आलं. माहेरच्या घरातून निघालेला एक पोचलेला तांब्या आमच्याकडं आहे. तो सुपात कधी येत नाही. आत्या त्यानं रोज तुळशीला पाणी घालतात, पोचा बाहेरच्या बाजूला करून. मी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र मला बोलायचीच आहे. आवरायचं बायकांनी आणि काय टाकायचं ते ठरवायचं वर्षातून चार दिवस येणाऱ्यांनी, ही रीत कुणी पाडली? आमचे हे आठ महिन्यांत एकदासुद्धा सुपापुढं बसले नाहीत. त्यांच्या मोटारीच्या जुन्या स्टार्टरचा डबा बघायची वेळ आली तेव्हा मात्र धावत आले. "त्याला हात लावू नका!" आत्या हसल्या, "लागतंय व्हय रे?"

मधल्या खोलीची खिडकी आता उघडते. समोर लिंबाचं झाड आहे, हे मी विसरूनच गेले होते.

काल भाऊजींचा फोन होता, दिवाळीला येतोय म्हणाले, आणि माळ्याचं बघू का म्हणून विचारलं, जरा चाचरतच. मी आत्यांकडं फोन दिला. आत्या म्हणाल्या, "ये की बाबा. आठ दिवसांची रजा काढून ये. आल्यावर सूप देते तुला."