‘दहा मिनिटं दारात उभं ठेवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री दुकान बंद करताना वाचला. आधी माफी मागतो. काकांना आमच्या दारात त्रास झाला, रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, त्यांना आणि तुम्हाला अवघडल्यासारखं झालं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. डाव्या बुटाची बॅटरी मध्येच उतरली, ती चूक आमचीच. ट्रायलचा जोड आदल्या संध्याकाळी चार्जिंगला लावायचा राहिला होता. त्याला सबब नाही.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो. ताई कंपवात (पार्किन्सन) असलेल्या वडिलांना, म्हणजे काकांना, घेऊन आमच्याकडे अडलेलं पाऊल सुटायला मदत करणारे सेन्सरचे बूट बघायला आल्या होत्या. त्यांनी दोन स्टार देऊन लिहिलंय, की ७४ वर्षांच्या माणसाला आम्ही दहा मिनिटं दारात उभं ठेवलं, बसायला खुर्ची दिली नाही, मदतीला धावलेल्या भावाला हात लावू दिला नाही, १९,५०० रुपयांच्या बुटाची बॅटरी टिकली नाही, आणि वर ‘तुम्ही चुकीच्या वेळी आलात’ असं आम्ही त्यांनाच ऐकवलं.

बॅटरीचं मान्य केलं. खुर्चीचंही मान्य, ती आत होती, दाराशी नव्हती. पण ‘दहा मिनिटं उभं ठेवलं’ हे मी दोन दिवस मनातून काढू शकलेलो नाही.

ताई, ती दहा मिनिटं नव्हती. काकांच्या पायात तेव्हा आमचेच बूट होते आणि बूट सगळी नोंद ठेवतात. टाचेखाली, चवड्याखाली आणि अंगठ्याखाली दाब मोजणारे सेन्सर आहेत, बाजूला हालचाल टिपणारा एक. कंपवातात चालता चालता पाय मध्येच जमिनीला खिळल्यासारखा थिजतो, यालाच आम्ही अडणं म्हणतो. तेव्हा तो शांत नसतो, जागच्या जागी थरथरत असतो, सेकंदाला साधारण ३ ते ८ वेळा. नेहमीच्या चालण्यातली हालचाल याहून बरीच संथ असते. या फरकावरूनच अडणं ओळखायची पद्धत २००८ साली संशोधकांनी मांडली, आमचं यंत्रही त्याच तत्त्वावर चालतं. त्या नोंदीत काकांचे पाय १२ वाजून ४२ मिनिटं ८ सेकंदांनी अडले आणि १२ वाजून ४४ मिनिटं १ सेकंदाला सुटले. एक मिनिट त्रेपन्न सेकंद. बाकीची नोंद काकांची खाजगी आहे, ती मी इथे टाकणार नाही, तुम्हाला घरी पाठवतो.

तुम्हाला ती दहा मिनिटं वाटली असणार, हे मला कळतं. माझ्या आईला नऊ वर्षं कंपवात होता. वाड्याचा लाकडी जिना ती न धरता चढायची आणि वर आल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडकायची. हातात दुधाचं पातेलं, पाय जमिनीला खिळलेले, आणि मी मागून ‘आई, चल ना’ म्हणतोय. ते दोन मिनिटंही मला अर्ध्या तासासारखे वाटायचे. जिन्याला पायऱ्या असतात, प्रत्येक पायरी पायाला पुढची जागा दाखवते. सपाट जमीन काही दाखवत नाही. मेंदूत डोपामीन कमी झालं की आपोआप होणारं चालणं अडतं, पण डोळ्यांना ओलांडायला काही दिसलं किंवा कानावर ताल पडला, की दुसऱ्या वाटेने पाऊल निघतं. दारं, उंबरे, अरुंद बोळ आणि वळणं ही अडण्याची नेहमीची ठिकाणं. म्हणून मी काकांना मुद्दाम दारातूनच बाहेर न्यायला सांगितलं होतं. आत फरशीवर तर ते छान चालले, हे तुम्हीही बघितलंत. ते तुम्ही लिहिलं नाहीत.

आता तुमच्या भावाबद्दल. त्यांचा हेतू चांगला होता, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्यांनी काकांचा दंड धरून पुढे ओढलं. पाय चिकटलेले असताना वरचं अंग पुढे गेलं, की माणूस तोंडावर पडतो. खाली आमची दगडी पायरी आहे. म्हणून मी ‘ओढू नका’ म्हणालो, आणि हो, मोठ्याने म्हणालो. त्याच वेळी तुमचा फोन वाजत होता, भाऊ ‘बाबा चला, बाबा चला’ म्हणत होते, मीही बोलत होतो. अडलेल्या माणसाशी तिघांनी एकदम बोललं की पाय आणखी घट्ट होतात. त्या क्षणी मी तुम्हाला हे समजावत बसू शकत नव्हतो. आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं.

मग मी गळ्यातला पिवळा मापाचा टेप काढून काकांच्या बुटापुढे आडवा टाकला आणि म्हणालो, ‘काका, हा ओलांडा.’ काकांनी टेपकडे बघितलं, डावा गुडघा उचलला आणि ओलांडून बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते तुम्ही बघितलंत का? मी बघितलं. त्यानंतर ते आमच्या ओट्यावर बसले, बूट काढले, पाणी प्यायले, त्यात पाच-सात मिनिटं गेली. तीही धरून तुम्ही दहा म्हणत असाल. पण ती बसलेली मिनिटं होती. ‘उभं ठेवलं’ आणि ‘अडले’ यात फार फरक आहे, ताई. मी कोणाच्याही वडिलांना उभं ठेवत नाही.

आता टेप का लागला, बुटांनी काम का केलं नाही, हा प्रश्न रास्त आहे. एक, डाव्या बुटाची बॅटरी. दुसरं, ऊन. आमच्या बुटाच्या पुढे लेझर आहे. एक पाय टेकला की तो दुसऱ्या पायापुढे हिरवी रेघ टाकतो, ती ओलांडायची. पावणेएकच्या उन्हात ती रेघ दिसत नाही. नेदरलँड्समध्ये ट्वेंटे आणि रॅडबाउड विद्यापीठांच्या संशोधकांनी असे लेझरचे बूट काही रुग्णांना घालून बघितले, ते निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. कंपवाताच्या गोळीचा असर उतरलेला असताना त्यांचं अडणं ४६ टक्क्यांच्या आसपास कमी झालं. कमी झालं, थांबलं नाही. मीही प्रत्येकाला हेच सांगतो, तुम्हालाही सांगितलं होतं. हे बूट औषध नाहीत. न्यूरॉलॉजिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्याबरोबर घालायची ती एक वस्तू आहे.

वेळेचंही सांगतो, कारण ‘आम्हालाच ऐकवलं’ असं तुम्ही लिहिलंय. फोनवर मी साडेदहा म्हटलं होतं. काकांची सकाळची गोळी साडेनऊची, म्हणजे तोवर ती लागू झालेली असते. तुम्ही सव्वाबाराला आलात. ट्रॅफिक होता, मान्य. पण तोवर असर उतरणीला लागला होता आणि पुढची गोळी एक वाजता होती. गोळी चालू असतानाही पाय अडतात, हे खरं आहे. तरी पहिली ट्रायल चांगल्या वेळेत व्हावी, माणसाला धीर यावा, एवढाच माझा हट्ट असतो. तुमची चूक काढायची नव्हती. माझ्या बोलण्याचा सूर तसा लागला असेल तर त्याचीही माफी.

किमतीबद्दल थोडक्यात. सेन्सर, लेझर, कंपनाची छोटी मोटर, बॅटरी आणि प्रत्येकाच्या पायाच्या मापाने बनवलेला बूट. टाचेला रबर आणि चवड्याला गुळगुळीत तळ द्यावा लागतो, नाहीतर पाय घासत चालणारा माणूस रबराला अडखळून पडतो. हे हाताने जोडतात आमचे दोन कारागीर. भाचा सर्किट बघतो. आम्ही एवढेच लोक आहोत. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोन घरांनी अपॉइंटमेंट रद्द केल्या. तुम्ही खोटं लिहिलंत असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्या घरी शुभार्थी, म्हणजे कंपवाताचा रुग्ण, आहे आणि जे आमच्यापर्यंत यायचा विचार करत होते, त्यांनी ‘दहा मिनिटं उभं ठेवलं’ वाचून दार लावून घेतलं, याचं दुःख होतं.

दाराशी हात असलेली खुर्ची आजपासून ठेवली आहे. बॅटरी ट्रायलच्या आधी बघूनच देऊ. उन्हासाठी दारावर पडदा लावायचं चाललंय, आणि बरोबर येणाऱ्या घरच्यांना आधी काय सांगायचं त्याचाही काहीतरी कागद करतो. ट्रायलचे ३०० रुपये आजच परत पाठवले आहेत.

एक राहिलं. काकांची नेहमीची चप्पल मी ओट्यावर बघितली. ती चवड्याकडून पार झिजली आहे आणि तिला मागे पट्टा नाही. ती घालून त्यांना चालू देऊ नका. तुम्ही आमच्याकडून बूट घ्या किंवा घेऊ नका, चप्पल पाठवून द्या, तळ बदलून मागे पट्टा लावून देतो. त्याचे पैसे नकोत. माप माझ्याकडे लिहिलेलं आहे, डावा पाय उजव्यापेक्षा अर्ध्या नंबरने मोठा आहे.