शंभर तारा नाहीत म्हणून संतूर खोटं?

परवा रात्री वहिनीचा मेसेज आला, "संतूर कॅन्सल करतोय, त्याला तेरा तारा कमी आहेत." भाची आजवर सरांच्या जुन्या संतूरवर शिकतेय, आता सरांनी स्वतः वाजवून, उलटंसुलटं करून बघून तिच्यासाठी एक नवं वाद्य पसंत केलंय, 29 घोड्या (तारा ज्यांच्यावर टेकतात ते छोटे उभे तुकडे) आणि प्रत्येक घोडीवर तीन तारा, म्हणजे 87. ॲडव्हान्स द्यायचा तेवढा बाकी होता आणि नेमका सोसायटीच्या ग्रुपवर 'नवीन संतूर घेताय? फसू नका!' असा फॉरवर्ड आला. तोच फॉरवर्ड नंतर माझ्या रियाजाच्या ग्रुपवरही आला, म्हणजे फिरतोय जोरात.

त्यात काय म्हटलंय ते आधी सांगते. अस्सल संतूर म्हणजे शततंत्री वीणा, तिला 100 तारा असतातच, कमी असतील तर दुकानदार फसवतोय. लाकूड काश्मिरी अक्रोडच हवं. दुकानात जास्त पैसे घालवण्यापेक्षा ऑनलाइन 'हॅमर्ड डल्सिमर' मागवा, वाद्य तेच. वाद्य 432 हर्ट्झला लावून मागा, मन शांत राहतं. पावसाळ्यात तारांना खोबरेल तेल लावा आणि पाऊस संपला की दोन दिवस कडक उन्हात ठेवा. आणि शेवटचं, चांगलं संतूर कारखान्यातूनच लावून येतं, पुन्हा पुन्हा सुरात लावावं लागत असेल तर पीस डिफेक्टिव्ह, परत करा.

ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात एकदा तरी संतूर मांडीवर घेतलंय का, असा प्रश्न मला पडला. एकेक घेऊ.

शंभर तारांचा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलाय आणि सगळ्यात चुकीचा आहे, म्हणून त्यावर जरा वेळ घालवते. शततंत्री हे नाव जुनं आहे हे खरं, आणि काश्मीरमध्ये सूफियाना मौसिकीत, म्हणजे तिथल्या सूफी गायनपरंपरेत, जे संतूर वाजतं त्याला 100 तारा असतात हेही खरं. इथवर फॉरवर्ड बरोबर आहे. पण त्या 100 तारा येतात कुठून ते बघा, 25 घोड्या आणि एकेका घोडीवर चार तारा. त्या चारही तारा एकाच स्वराला मिळवलेल्या असतात. म्हणजे 100 तारांमधून तुम्हाला मिळतात फक्त 25 जागा, म्हणजे 25 वेगळे स्वर. तारा मोजून वाद्याची लायकी ठरवणाऱ्याला हे माहीतच नाही की वाजवणाऱ्याला तारा नाही, जागा लागतात.

आता शास्त्रीय संगीताचा ढोबळ हिशोब करा. तीन सप्तकं घेतली आणि रागात सात स्वर असले तर 21 जागा तिथेच गेल्या. देससारखा दोन निषादांचा राग घेतला की 24. जवळजवळ सगळेच स्वर लागणारा पिलू घेतला तर 25 जागांमध्ये तुम्ही कशाकशाला कात्री लावणार? सूफियाना मौसिकीची गरज वेगळी होती, तिथे संतूर गाण्याबरोबर वाजायचं, त्यासाठी ते वाद्य पुरेपूर आहे, त्याला कमी लेखायचा प्रश्नच नाही. पण तासभर एकट्याने राग मांडायचा तर वाद्य बदलावं लागणार होतं, आणि ते बदललं कुणी हे सगळ्या जगाला माहीत आहे.

पं. शिवकुमार शर्मा. जन्म 1938, जम्मूचा. वडिलांनी, उमादत्त शर्मांनी, हे वाद्य त्यांच्या हातात दिलं. 1955 मध्ये मुंबईत हरिदास संमेलनात त्यांनी ते पहिल्यांदा वाजवलं, आणि तेव्हा जाणकारांनी तोंडावर सांगितलं की या वाद्यात शास्त्रीय संगीत व्हायचं नाही, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, आस (स्वराची गुंजत राहणारी लांबी) लांबत नाही, दुसरं वाद्य धर. त्यांनी वाद्य सोडलं नाही, ते दुरुस्त करत बसले. प्रत्येक घोडीवरच्या तारा चारावरून तीनवर आणल्या, घोड्या वाढवल्या, स्वरांची मांडणी नव्याने केली, तीन सप्तकांचा आवाका आणला, आणि लाकडी स्टँडवरचं वाद्य उचलून मांडीवर घेतलं, त्याने नको असलेली गुंज कमी झाली. त्यांच्या संतूरच्या तारांचा आकडा साधारण 91 असा दिला जातो. म्हणजे ज्या माणसामुळे आज तुमची माझी मुलं संतूर शिकतायत त्याच्याच वाद्याला 100 तारा नव्हत्या. 10 मे 2022 ला ते गेले तोवर जगभर त्यांनी हेच वाद्य वाजवलं. या फॉरवर्डप्रमाणे तेही खोटंच ठरतं ना मग?

एक गोष्ट मान्य करते, जास्त तारांचं वाद्य असतच नाही असं नाही. पं. भजन सोपोरी सूफियाना परंपरेच्या घराण्यातले, त्यांनी उलट तारा वाढवल्या, तरफा (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा) जोडल्या, भोपळा लावला. त्यांच्या बाजाला ते हवं होतं. तुमच्या मुलीला काय हवं ते तिचे सर ठरवतील. सर ज्या मांडणीचं वाजवतात त्याच मांडणीचं वाद्य घ्यायचं, कारण ते जेव्हा सांगतात "वरची तिसरी घोडी" तेव्हा तिच्या हाताखाली तोच स्वर यायला हवा. नाहीतर दर वेळी डोक्यात भाषांतर करत बसायचं आणि हात जायचा चुकीच्या जागी. आणि तारा जास्त म्हणजे खोक्यावर ताण जास्त, मिळवायला वेळ जास्त, हे शिकणाऱ्या पोरीच्या माथी कशाला मारायचं? त्या 13 तारा कमी नाहीतच. 29 घोड्या म्हणजे 100 तारांच्या जुन्या वाद्यापेक्षा चार जागा जास्त मिळतायत.

लाकडाचं थोडक्यात. अक्रोड उत्तम, वाद नाही. श्रीनगरचे गुलाम मोहम्मद झाझ, ज्यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या संतूर बनतंय, त्यांच्या हातचं वाद्य मिळालं तर घ्याच. पण अक्रोड हे नाव ऐकून ओलं लाकूड घेतलंत तर ते मुंबई-पुण्यात आल्यावर वाकणार. लाकूड नीट वाळलेलं आहे का, जोड घट्ट आहेत का, हे आधी बघायचं. तूनच्या किंवा सागवानाच्या लाकडाचं, वरची फळी प्लायची, असं वाद्यसुद्धा शिकायला चांगलं असू शकतं. 'अक्रोडच' हा हट्ट ज्याचं बजेट मोठं आहे त्याने करावा.

डल्सिमरचा सल्ला मात्र सरळ पैसे बुडवणारा आहे. कुटुंब एकच हे खरं, इराणी संतूर, चिनी यांगचिन, हंगेरीचं चिंबालोम, अमेरिकेतलं हॅमर्ड डल्सिमर, सगळीकडे खोक्यावर ताणलेल्या तारा आणि वरून काठीचा घाव. पण इराणी संतूरला 72 तारा, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ घोड्या, प्रत्येकीवर चार. अमेरिकन डल्सिमरमध्ये एक लांब ब्रिज तारेच्या मधे असा बसवलेला असतो की उजवीकडे सा वाजला तर त्याच तारेवर डावीकडे पंचम वाजतो. त्या लोकांच्या धुनांसाठी ही फार हुशार रचना आहे, पण त्यावर आपल्या सरांचा यमन कसा शिकणार? ते ठेवतात स्टँडवर, काठ्याही वेगळ्या, आपल्या कलमांसारख्या नाहीत. आणि नुसतं डल्सिमर असं शोधलंत तर मांडीवर आडवं ठेवून छेडायचं, पडदे असलेलं, तीन-चार तारांचं भलतंच वाद्य समोर येतं, त्याचा संतूरशी काही संबंध नाही. ते चुकून मागवलं तर मुलगी काय करणार त्याचं?

432 हर्ट्झ. हे खूळ प्रत्येक वाद्याच्या मागे लागलंय. एरवी वाद्यं 440 ला लावतात, तो आकडा पाश्चात्त्य संगीतातल्या ए या स्वराचा, 1939 च्या लंडनच्या परिषदेत सगळ्यांच्या सोयीसाठी ठरला, त्यात कुठलं कारस्थान नाही. आणि आपल्याकडे सा कुठेही धरता येतो, मग 432 ला नक्की काय लावायचं? समजा सा काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा आहे, तर तो ए होतो तुमचा कोमल धैवत. भूप वाजवताना कोमल धैवत लागतच नाही, मग मनःशांती द्यायला ते 432 येणार कुठून? वर नुकसान वेगळंच. सगळं वाद्य 432 च्या हिशोबाने उतरवलं की ते अर्ध्या स्वराच्या साधारण एक तृतीयांश खाली येतं, आणि क्लासमधली पेटी तर 440 वरच आहे, तिला खाली उतरवता येत नाही. पोरगी पेटीबरोबर बसली की पहिल्या सा पासून बेसूर.

आता तेल आणि ऊन. हे वाचून मला खरंच राग आला, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही येत नाही. खोबरेल तारांवर लावलं की त्यावर धूळ चिकटते, आवाज बसतो, हे तर झालंच, पण ते तेल ओघळून पिनांपाशी जातं. पिन लाकडात नुसती घट्ट रुतून बसलेली असते, तारेचा सगळा ताण तिने धरलेला असतो. त्या भोकात तेल मुरलं की पिन सरकायला लागते, तुम्ही तार वर चढवायची, ती खाली यायची. मग ते लाकूड बदलण्यापर्यंत प्रकरण जातं. उन्हाचं तसंच, पावसाळाभर ओल प्यायलेलं लाकूड एकदम कडक उन्हात ठेवलं तर फळी तडकते, सरसाने जोडलेले सांधे उघडतात. माझ्या ओळखीत एकाचं वाद्य असंच गच्चीवर ठेवून गेलंय, वरच्या फळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. करायचं एवढंच की रियाज झाला की कोरड्या सुती फडक्याने तारा पुसायच्या, बोटांचा घाम राहू द्यायचा नाही, वाद्य केसमध्ये ठेवायचं, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि त्या बदलायच्या. एसीच्या झोतासमोर ठेवायचं नाही. गंज चढलेली तार तेलाने बरी होत नाही, ती बदलायची, तारा बदलण्यासाठीच असतात.

कारखान्यातून लावून येणारं आणि नंतर हात न लावावं लागणारं संतूर पृथ्वीवर नाही. नव्या तारा सुरुवातीला ताणत राहतात, लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, त्यामुळे नवं वाद्य जुन्यापेक्षा जास्त उतरतं. शिवाय बहुतेक वादक संतूर रागाप्रमाणे लावतात, यमनवरून भैरवीला यायचं तर कितीतरी तारा हलवाव्या लागतात. संतूरवादक पं. उल्हास बापटांनी बाराही स्वर लावायची स्वतःची पद्धत काढली म्हणून त्यांना राग बदलताना थांबावं लागत नसे, पण त्यासाठीही ते बारा स्वर आधी चोख मिळवलेले लागतातच. रोज हातोडी (पिना फिरवायचं साधन) घेऊन तारा मिळवणं हा शिकण्याचाच भाग आहे, कान त्यातूनच तयार होतो. या मुद्द्यावर विश्वास ठेवून कुणी चांगलं वाद्य परत पाठवलं तर नुकसान त्याचंच आहे.

मग बघायचं काय? एखाद्या घोडीवरच्या तिन्ही तारा आधी एकेक छेडा, मग एकत्र. नीट मिळाल्या असतील तर एकच स्वर ऐकू येतो. दोन तारांमध्ये दोन हर्ट्झचा फरक असला तरी आवाज सेकंदाला दोनदा लाटेसारखा वर-खाली होतो, लहान मुलालाही कळतो. अशी लाट दिसली म्हणून वाद्य वाईट नव्हे, हातोडीने ती तार मिळवून बघा, दहा मिनिटं इकडचं तिकडचं वाजवा आणि पुन्हा तीच घोडी ऐका. टिकली असेल तर पिन चांगली बसलीय. असं चारही कोपऱ्यांत करा, एकाच ठिकाणी नको. मग फळीवर तारांच्या खालून नजर टाका, घोड्यांच्या खाली ती दबलेली दिसली तर वाद्य घेऊ नका, कितीही गोड वाजत असलं तरी. कलमेने अगदी वरच्या सप्तकातल्या तारा वाजवा, स्वस्त वाद्यात तिथे टकटक जास्त आणि स्वर कमी येतो. मुलीला जमिनीवर बसवून मांडीवर द्या आणि थोडा वेळ तसंच बसू दे, खांदा उचलला जातोय का बघा. हातोडी, कलमांची जोडी आणि जादा तारांचा सेट मागून घ्या. आणि केसमध्ये ठेवून केस उचलून हलवा, आत वाद्य सरकत असेल तर केस बदलून मागा, कारण रिक्षात आपटलं की पहिला दणका पिनांच्याच बाजूला बसतो.