मामा, शरीराचं तापमान ३५ नसतं

मे महिन्यातला अकोला. दुपारी ४४, रात्री दहालाही भिंतीला हात लावला तर कोमट. आईला फोन लावला तर मागे एसीचा आवाज नाही, नुसता पंखा गरगरतोय. म्हटलं, लाइट गेली का?

"नाही गं, मीच बंद केलाय. अंगाला घाम यायला पाहिजे. नाही तर विष साचतं म्हणे आत."

आई ७३ वर्षांची आहे. बीपीसाठी जी गोळी घेते ती लघवीवाटे पाणी काढणारी आहे. तिच्या खोलीवर थेट स्लॅब, वर गच्ची, मध्ये काही नाही. अशा खोलीत एसी असून ती घाम गाळत बसली होती, कारण मामांनी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला होता.

मेसेज तुम्हालाही आलाच असेल. दर एप्रिलला कैऱ्यांबरोबर बाजारात येतो. "एसी वापरण्याची योग्य पद्धत" असं वर ठळक, आणि मजकूर साधारण असा: आपल्या शरीराचं तापमान ३५ अंश असतं आणि ते २३ ते ३९ अंश सहज सहन करतं. एसी १९-२०-२१ वर लावला की शरीरात हायपोथर्मिया (अंग धोकादायक गार पडणं) सुरू होतो, रक्तपुरवठा कमी पडतो, पुढे संधिवात. घाम येत नाही, म्हणून विषारी द्रव्यं आतच राहतात, त्यातून त्वचेची ॲलर्जी आणि उच्च रक्तदाब. कॉम्प्रेसर सतत फुल चालतो. म्हणून २६ च्या खाली एसी लावूच नका, २८ च्या वर तर उत्तम, सोबत पंखा हळू ठेवा. मेंदूवरचा रक्तदाब कमी होईल, रात्रीला ५ युनिट वाचतील, १० लाख घरांनी असं केलं तर दिवसाला ५० लाख युनिट. खाली सही: मिनिस्ट्री ऑफ पॉवर अँड एनर्जी, भारत सरकार.

घामापासून सुरू करते, कारण आईचा एसी त्याच वाक्याने बंद केला.

घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ. तो येतो अंग गार करायला. त्वचेवरचं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, एवढंच त्याचं काम. रक्तातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, रात्रंदिवस, एसी चालू असो की बंद. एसीत बसलं की लघवीला जास्त वेळा जावं लागतं, हे तर प्रत्येकाने अनुभवलंय. घामावाटे जाणारं पाणी आता त्या वाटेने जातंय. घाम न आल्याने विष साचत असतं तर थंडीत घामाचा थेंब न येणारे आपण सगळे संक्रांतीपर्यंत खाटेवर पडलो असतो.

आणि हे नुसतं हसून सोडून देण्यासारखं नाही. सत्तरीच्या माणसाला तहान उशिरा लागते, अंग गार ठेवण्याची शरीराची ताकद कमी झालेली असते, त्यात पाणी काढणारी गोळी. अशा माणसाला तापलेल्या खोलीत मुद्दाम घाम गाळायला सांगणं म्हणजे त्याला पाणी कमी पडून चक्कर येण्याच्या वाटेवर नेऊन सोडणं. उष्माघाताने रात्री घरात, अंथरुणावरही माणसं जातात. जागतिक आरोग्य संघटना उष्णतेच्या लाटेत घरातलं तापमान शक्यतो दिवसा ३२ च्या आणि रात्री २४ च्या खाली ठेवायला सांगते. साठीपुढची माणसं, तान्ही मुलं आणि जुनी दुखणी असलेले यांच्यासाठी हे विशेष महत्त्वाचं, हेही तिथेच म्हटलेलं आहे. आता हा रात्रीचा २४ आणि मेसेजमधलं "२८ च्या वर तर उत्तम" शेजारी ठेवून बघा. मामांचं वय ६९. मेसेज टाकणारा आणि वाचून एसी बंद करणारी, दोघंही त्याच यादीत बसतात.

पंख्याबद्दल आरोग्य संघटनेचा आणखी एक इशारा आहे: हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा गार करत नाही, उलट गरम हवा अंगावर मारतो. विदर्भातल्या दुपारी हा आकडा काही लांबचा नाही.

आता ते ३५. माणसाच्या शरीराचं तापमान ३७ च्या आसपास असतं, सकाळी थोडं कमी, संध्याकाळी थोडं जास्त. हे घरातला प्रत्येक थर्मामीटर सांगतो, करोनाच्या दोन वर्षांत सोसायटीच्या वॉचमनलाही पाठ झालं होतं. गंमत अशी की वैद्यकात हायपोथर्मिया म्हणतात तो आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने जो आजार घाबरवायला आणला, त्याच्याच उंबरठ्यावर सगळ्या निरोगी भारतीयांना आधीच उभं केलंय. ३५ हे शरीराचं तापमान मानलं तर थर्मामीटरवर ३७ बघून आपण सगळे तापाने फणफणलेले ठरतो. ३९ "सहज" सहन होतं म्हणे. हवेचं ३९ की अंगाचं ३९, हे लिहिणाऱ्याला स्वतःला माहीत नसावं. अंगाचं ३९ असेल तर डॉक्टरकडे न्यावं लागतं.

खोलीतली हवा २१ झाली म्हणून अंगाचं तापमान घसरत नाही. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा ११-१२ वर येतो, निफाडला त्याहून खाली, ५-६ वर, आणि द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून उभे असतात. २१ अंशांनी हायपोथर्मिया होत असता तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी निम्मा महाराष्ट्र आयसीयूत दिसला असता. सरकारचंच ऐकायचं असेल तर २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीला २० ते २८ ची मर्यादा घालायचा विचार बोलून दाखवला होता. हेतू वीज वाचवण्याचा. त्यात खालचं टोक २० आहे. आजाराचा आकडा सरकारने परवानगीच्या यादीत ठेवला असता का?

संधिवात, "मेंदूवरचा रक्तदाब" वगैरेवर फार वेळ घालवत नाही. गार हवेत आधीच दुखणारे सांधे जास्त आखडतात, हे खरं. गार हवेने संधिवात होतो, हे खोटं. मेंदूवरचा वेगळा रक्तदाब कुठल्या मशीनने मोजतात ते मामांनी सांगावं. आणि एसीत शिंका येतात त्या बहुतेक वेळा जाळीवर साचलेल्या धुळीने. जाळी काढा, नळाखाली धरा, वाळवून लावा. आईच्या एसीची मी धुतली तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं निघालं.

युनिटांचा हिशोब मात्र मला करायचाच होता, कारण तो ऐकायला सगळ्यात भारी वाटतो. आईच्या एसीवर बीईईचं, म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचं, ताऱ्यांचं लेबल अजून जसंच्या तसं आहे (आई कुठल्याही वस्तूवरचं लेबल काढू देत नाही, फ्रीजच्या हँडलवर अजून प्लास्टिक आहे). दीड टन, इन्व्हर्टर, पाच स्टार, वर्षाला ७६० युनिट. हा वर्षाचा आकडा १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. भागाकार करा: तासाला अर्ध्या युनिटाच्या आत, आठ तासांच्या रात्रीला ३.८. म्हणजे जो एसी रात्रभरात चार युनिटसुद्धा खात नाही, तो २६ वर ठेवला की पाच युनिट वाचणार. उरलेलं सव्वा युनिट महावितरणला परत पाठवायचं की काय!

हे लेबल कंपनीच्या चाचणीतलं, हे मान्य. अकोल्याच्या मेमध्ये, तापलेल्या स्लॅबखाली, २० वर लावला तर एसी जास्त खाईल. साडेसहा धरा. बीईईच्याच सांगण्यानुसार आकडा एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. २० वरून २६, म्हणजे सहा अंश, ढोबळ ३६ टक्के. साडेसहाचे ३६ टक्के सव्वादोन युनिट. चांगली बचत आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण पाच नाहीत. दहा लाखांचा गुणाकार बरोबर केलाय, तेवढे मार्क देते.

आणि इथे नाइलाजाने आणखी एक कबूल करते. मेसेजचा गाभा, म्हणजे १८-२० वर लावून वर गोधडी घेऊ नका, आकडा थोडा वर ठेवा आणि पंखा लावा, हा अगदी बरोबर सल्ला आहे. २०१८ मध्ये सरकारने खरोखरच २४ ते २६ ची मोहीम काढली होती, आणि १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाला एसी सुरू केला की आपोआप २४ वर यावा असा नियम आहे. पंख्याच्या वाऱ्यात २६ सुद्धा २४ सारखं वाटतं. कुणीतरी हा चांगला सल्ला घेतला, पटावा म्हणून त्याला हायपोथर्मियाची आणि विषाची फोडणी दिली, आणि खाली मंत्रालयाची सही ठोकली. त्या नावाचं मंत्रालय दिल्लीत नाही. मिनिस्ट्री ऑफ पॉवर आहे, "अँड एनर्जी" लिहिणाऱ्याच्या पदरचं.

कॉम्प्रेसरचंही अर्धंच खरं. जुन्या, बिनइन्व्हर्टरच्या एसीचा कॉम्प्रेसर दोनच गोष्टी जाणतो: फुल चालणं आणि बंद पडणं. २० वर लावला आणि खोली २० ला पोचतच नसेल, तर तो रात्रभर चालत राहतो, हे बरोबर. इन्व्हर्टरवाला खोली आकड्याजवळ आली की वेग कमी करतो. पण याच्या उलटा गैरसमज माझ्या घरात आहे. माझा मुलगा बाहेरून आला की थेट १६ दाबतो, "लवकर गार होतं" म्हणून. खोली ३४ ला असताना १६ लावा की २४, सुरुवातीला मशीन जेवढं गार करू शकतं तेवढंच करतं. फरक एवढाच की १६ वाला २४ ला थांबत नाही आणि मग चिरंजीव गोधडी शोधतात.

मेसेजमध्ये जे अजिबात नाही ते मला अकोल्याला गेल्यावर दिसलं. रिमोटवरचा आकडा हा खोलीचा आकडा असतोच असं नाही. एसीचा सेन्सर असतो वर, मशीनमध्ये, जिथून हवा आत ओढली जाते तिथे. आईच्या एसीसमोर हातभरावर लाकडी कपाट, कपाटावर छतापर्यंत बॅगा, वळकटी आणि पितळी घंगाळ. गार हवा बॅगांवर आपटायची आणि तशीच परत मशीनमध्ये जायची. सेन्सरला वाटायचं, झाली खोली गार. रिमोटवर २८. मी आईच्या उशाशी दीडशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर ठेवला, अर्ध्या तासाने तो ३०.५ दाखवत होता. म्हणजे मेसेज पाळून "उत्तम" २८ वर एसी लावणारी बाई साडेतीसमध्ये झोपत होती, आणि विषाचं वाचल्यावर तोही बंद.

बॅगा खाली काढल्या. पाती वरच्या बाजूला वळवली, गार हवा छताला धरून खोलीभर जावी म्हणून. दोन अंशांचा फरक तिथेच पडला.

मग टायमर. आई रात्री दोनला एसी बंद व्हावा असा लावायची, पहाट गारच असते म्हणून. पुण्यात चालेल. अकोल्यात मेमध्ये दोन वाजताही स्लॅब दिवसाची उष्णता खाली सोडतच असतो, एसी थांबला की तासाभरात खोली पुन्हा तापते आणि तीनला घामाघूम होऊन जाग. त्यापेक्षा स्लीपचं बटण बरं. बहुतेक एसींत ते दाबलं की पहिल्या एक-दोन तासांत आकडा आपोआप एक-दोन अंश वर सरकतो, कारण झोप लागल्यावर तेवढं गार लागत नाही. आईच्या रिमोटवर त्या बटणावर चंद्र आहे. सात वर्षांत ते एकदाही दाबलं गेलं नव्हतं. "मला वाटलं ते रात्रीच्या दिव्याचं असेल."

मुंबई-कोकणवाल्यांचं थोडं वेगळं. तिथे तापमानापेक्षा दमटपणा छळतो. जुना एसी २८ वर ठेवला तर कॉम्प्रेसर फार वेळ बंद राहतो, आतला पंखा मात्र चालू, आणि कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. मग आकडा ठीक असूनही चादर ओलसर लागते. तिथे २५-२६ किंवा ड्राय मोड लावून बघा.

मामांना मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. त्यांनी हात जोडल्याची खूण टाकली आणि दहा मिनिटांत रात्री भेंडीचं पाणी पिण्याचे फायदे पाठवले.

आईच्या रिमोटच्या पाठीवर मी कागदाची पट्टी चिकटवून आले: "२५, चंद्र, पंखा २." परवा व्हिडिओ कॉलवर बघितलं तर पट्टीवरचा २५ खोडून २६ केलेला. विचारलं तर म्हणते, "मामालाही बरं वाटेल."

उशाशी थर्मामीटर दाखव म्हटलं. २६.४. म्हटलं, असू दे.