पैसे मोजले, पण पडद्यावर येऊन कबूल कोणी केलं?

"तुमच्या अमेरिकेत बरं आहे, चॅनलने खोटं सांगितलं की कोर्ट नाक घासायला लावतं." भारतातल्या मित्रांकडून हे मला हमखास ऐकायला मिळतं. उदाहरणही ठरलेलं, फॉक्स न्यूज आणि डोमिनियन. पैसे भरले हे खरं. नाक मात्र कोणी घासलं नाही. (पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.)

डोमिनियन ही मतदानयंत्रं बनवणारी डेन्व्हरची कंपनी. २०२० च्या निवडणुकीनंतर सिडनी पॉवेल, रूडी जुलियानी ही ट्रम्प यांच्या बाजूची वकील मंडळी फॉक्सवर येऊन सांगत होती की या यंत्रांनी मतं फिरवली. कंपनीने मार्च २०२१ मध्ये फॉक्सवर १६० कोटी डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. असे दावे इथे सहसा टिकत नाहीत. सुप्रीम कोर्टाच्या १९६४ च्या सलिव्हन निकालापासून नियम असा की सार्वजनिक व्यक्ती-संस्थांबद्दल नुसतं खोटं छापलं, दाखवलं एवढ्यावर भागत नाही. ते खोटं आहे हे माहीत होतं, किंवा खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही, हे सिद्ध करावं लागतं. आता दुसऱ्याच्या मनातलं कसं सिद्ध करणार?

तर फोन उघडून. खटला उभा राहण्याआधीच दोन्ही बाजूंना आपापले मेसेज, ईमेल एकमेकांपुढे ठेवावे लागतात. अमेरिकन न्यायव्यवस्थेतली ही एक गोष्ट मला मनापासून आवडते. त्यातून बाहेर आलं की फॉक्सचा अँकर टकर कार्लसन दुसरी अँकर लॉरा इन्ग्रॅमला खासगीत लिहितोय, पॉवेल खोटं बोलतेय, मी तिला पकडलंय. इन्ग्रॅमचं उत्तर, ती पार वेडी आहे. आणि पडद्यावर? पडद्यावर त्याच आरोपांना चॅनलची दारं उघडीच.

याच्या पुढचा भाग मित्रांच्या गोष्टीत कधीच येत नाही. निवडणुकीच्या रात्री ११.२० वाजता फॉक्सच्याच निकाल विभागाने ॲरिझोना राज्य बायडननी जिंकल्याचं जाहीर केलं. इतर सगळ्यांच्या आधी, आणि ते बरोबर निघालं. ट्रम्प यांना मानणारे प्रेक्षक भडकले. फॉक्स सोडून न्यूजमॅक्स या दुसऱ्या चॅनलकडे पळू लागले. १२ नोव्हेंबरला फॉक्सच्याच बातमीदार जॅकी हाइनरिक यांनी डोमिनियनबद्दलचा ट्रम्प यांचा एक दावा ट्विटरवर खोडून काढला, तर कार्लसनने शॉन हॅनिटी या आणखी एका अँकरला लिहिलं की हिला काढून टाका, कंपनीचं नुकसान होतंय, शेअर पडलाय. तिची नोकरी वाचली. ॲरिझोनाचा निकाल देणाऱ्या टीममधल्या ख्रिस स्टायरवॉल्ट यांची मात्र जानेवारीत गेली. चॅनलने त्याला पुनर्रचना म्हटलं.

म्हणजे चॅनल कोणाला जबाबदार नव्हतं असं नाही हो. होतं, आणि पुरेपूर होतं. प्रेक्षकाला होतं. प्रेक्षकाने रिमोट हातात घेऊन जाब विचारला, तो खरं सांगितल्याबद्दल! "जनतेने जाब विचारला पाहिजे" असं आपण उठसूट म्हणतो, तेव्हा हा प्रकार कोणाच्या डोक्यात नसतो.

१८ एप्रिल २०२३ ला डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनच्या कोर्टात सकाळी ज्युरीचा शपथविधी झाला आणि संध्याकाळच्या आत तडजोड झाली. ७८ कोटी ७५ लाख डॉलर. डोमिनियनबद्दलची ती विधानं खोटी होती, हे न्यायाधीश एरिक डेव्हिस यांनी आधीच स्वच्छ लिहून ठेवलं होतं. पण फॉक्सचे मालक मर्डॉक किंवा कुठला अँकर ज्युरीपुढे पिंजऱ्यात उभा राहिला नाही. पडद्यावर माफी मागायची अट नव्हती. फॉक्सने एक पत्रक काढलं, त्यात "काही दावे खोटे असल्याचा कोर्टाचा निष्कर्ष आम्ही लक्षात घेतो" अशा अर्थाचं एक मोजकं वाक्य. आणि ज्या अँकरांचे कार्यक्रम दाव्यात होते, त्यातल्या जनीन पिरो? त्या २०२५ पासून वॉशिंग्टन डीसीच्या सरकारी वकील आहेत. दुसऱ्यांवर खटले भरतात.

खरी किंमत भरली ती रूबी फ्रीमन आणि त्यांची मुलगी शे मॉस यांनी. अटलांटाच्या स्टेट फार्म अरीनात मतमोजणीला बसलेल्या या मायलेकी. आईने लेकीच्या हातात काहीतरी दिलं, आणि जुलियानींनी सांगितलं की त्या यूएसबी एकमेकींकडे सरकवत होत्या, जणू ड्रग्जच्या कुप्याच. ती आल्याची गोळी होती. खोकल्याला आपण चघळतो तसली! २ जानेवारी २०२१ ला जॉर्जिया राज्याच्या निवडणूक प्रमुखाला केलेल्या त्या प्रसिद्ध फोनमध्ये ट्रम्प यांनी फ्रीमन यांचं नाव १८ वेळा घेतलं. त्यांना घर सोडावं लागलं. "लेडी रूबी" छापलेले टीशर्ट त्या मिरवायच्या, ते घालायचं बंद झालं. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने जुलियानींना १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली. जुलियानींनी दिवाळखोरी जाहीर केली, आणि जानेवारी २०२५ ला जी तडजोड झाली तीत त्यांची घरं त्यांच्याकडेच राहिली.

फक्त एका पक्षाचं काढतोय असं वाटायला नको. आमच्या न्यू जर्सीचे माजी डेमोक्रॅट सिनेटर बॉब मेनेंडेझ. एफबीआयला घरात सोन्याच्या लगडी सापडल्या, जॅकेटांच्या खिशात नोटा सापडल्या, आणि एका जॅकेटवर चक्क साहेबांचं नाव भरलेलं. लाचखोरीत ११ वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी २०१७ मध्ये एका वेगळ्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नव्हतं, आणि पुढच्याच वर्षी आम्ही न्यू जर्सीकरांनी त्यांना आरामात निवडून दिलं.

"मग कायदा आणखी कडक करा" म्हणणाऱ्यांनी हेही बघावं. डिसेंबर २०२४ मध्ये एबीसी चॅनलने ट्रम्प यांच्या दाव्यात दीड कोटी डॉलर देऊन मिटवलं. जुलै २०२५ मध्ये सीबीएस चॅनलची मालक पॅरामाउंट ट्रम्प यांच्याच दुसऱ्या दाव्यात १ कोटी ६० लाख डॉलरवर तयार झाली, तेव्हा तिचं विलीनीकरण सरकारी मंजुरीसाठी अडलेलं होतं. मंजुरी त्याच महिन्यात मिळाली. सलिव्हन निकाल ढिला केला तर पहिला दावा गावोगावच्या छोट्या पेपरांवर पडेल.

माझी मागणी त्यामुळे छोटी आहे. खोटं ज्या खुर्चीतून, ज्या वेळेला सांगितलं, दुरुस्तीही तिथूनच, त्याच वेळेला व्हावी. हे अशक्य नाही. डिसेंबर २०२० मध्ये स्मार्टमॅटिक या दुसऱ्या कंपनीच्या वकिलांचं पत्र आल्यावर फॉक्सने लू डॉब्ज, पिरो आणि मारिया बार्टिरोमो यांच्या कार्यक्रमांत एका निवडणूक तज्ज्ञाची मुलाखत दाखवलीच होती, ज्यात त्याने एकेक दावा खोडून काढला. डोमिनियनच्या वकिलांनी ती ७५ लाखांची वरची चिल्लर सोडून दिली असती, आणि त्या बदल्यात कार्लसन, हॅनिटी यांच्या कार्यक्रमांतली पाच-पाच मिनिटं लिहून घेतली असती, तर मी टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या असत्या.