रॉयल्टीचं आणि कराचंही लिहा की!

एनएफटीच्या (डिजिटल चित्राच्या मालकीची संगणकावरची नोंद, म्हणजेच टोकन) लिलावामुळे गोव्यातल्या तरुण चित्रकाराला आता गॅलरीची पायरी चढावी लागणार नाही, हे तुम्ही छापलेल्या लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. बीपल या अमेरिकी कलाकाराच्या डिजिटल चित्राला मार्च 2021 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात 6 कोटी 93 लाख डॉलर मिळाले, हे खरंच. पण तो आकडा दाखवून फोंडा-म्हापशाच्या पोरांना भुलवू नका.

माझी भाची कावी शैलीतली चित्रं टॅबलेटवर काढते. देवळाच्या भिंतीवर वरचा तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात ना, तीच रेघ ती स्क्रीनवर आणते. एकेका पाकळीवर तिची संध्याकाळ जाते. एक चित्र तिनं लिलावाला लावलं. बोली आली, पण इथरचे (बोली ज्यात लागते त्या आभासी चलनाचे) रुपये केल्यावर टोकन बनवायची गॅस फीसुद्धा, म्हणजे व्यवहार नोंदवायचं शुल्कही, सुटेना.

घेणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. टोकन घेतलं म्हणून कॉपीराइट मिळत नाही. लेखी करार नसेल तर तो चित्रकाराकडेच राहतो. पुष्कळदा ब्लॉकचेनवर, म्हणजे टोकनांची नोंद राहते त्या सामायिक डिजिटल वहीत, चित्र नसतंच, नुसता त्याचा पत्ता असतो. सर्व्हर बंद पडला की संपलं! आपल्याकडे एप्रिल 2022 पासून अशा खरेदी-विक्रीच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, आणि एकातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही.

मला सर्वात लागतं ते रॉयल्टीचं. दर फेरविक्रीला चित्रकाराला वाटा, याच आशेवर मुलं इकडे वळली. 2023 मध्ये ओपनसी या एनएफटीच्या ऑनलाइन बाजारानं तो वाटा ऐच्छिक करण्याचं जाहीर केलं. पणजीत आल्तिनोच्या कला महाविद्यालयात करार आणि कॉपीराइट नीट शिकवायला हवेत. लेखकानं पुढचा लेख त्यावर लिहावा, ही विनंती.